फोरमन आणि त्यांचा धबधबा

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, वर्धा नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे झाडून सारे किल्ले व धबधबे गेल्या हिवाळ्यापासून पोरके झाले आहेत. त्यांना ही बातमी अद्याप कुणी दिलेली नाही. ते बिचारे नेहमीसारखे उभे आहेत, नाहीतर कोसळत आहेत. एवढ्या मोठ्या प्रसंगी सरकारने साधी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली नाही, म्हणून हा जाहीरनामा मलाच काढावा लागतो आहे.

पोरके झाले, कारण आमचे फोरमन गेले. देवळीकडच्या, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे आणि हवेत उडेल तेवढा कापूस फोरमनच्या छातीत, अशी तिथली वाटणी होती. हंगामात त्यांच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस सगळं पांढरं. हंगाम संपल्यावर अंगावरून पाणी घेतलं की आतून दहा वर्षांनी तरुण माणूस निघायचा. मग पावसाळाभर दर रविवारी ते आम्हा तीस-चाळीस जणांना भाड्याच्या बसमध्ये कोंबायचे आणि डोंगराकडे काढायचे. "सा महिने कापूस खाल्ला बाप्पा, आता हवा खाऊ द्या," म्हणायचे. आम्हाला तो विनोद वाटायचा. आम्ही हसायचो.

किल्ल्यावर गेल्यावर फोरमन कधीही राजाबद्दल बोलले नाहीत. गाविलगड असो की नरनाळा, दरवाजातून आत शिरले की थेट तलाव शोधायला निघायचे. आमच्यातल्या एका इतिहासाच्या मास्तरांनी तोफेवर हात ठेवून घराणी सांगायला सुरुवात केली, तर फोरमन दुरूनच ओरडले, "मास्तर, तोफ काय पाहून राह्यले? तोफेनं तहान भागते का? पानी कुठं साठवलं ते पाहा, मंग सांगा राजा हुशार होता का बुद्दू!" मास्तर पुढे तीन रविवार रुसून बसले. चौथ्या रविवारी आले आणि सगळ्यांच्या आधी जाऊन तलावाच्या काठावर उभे राहिले.

त्यांचा एक नियम मात्र सैन्यातसुद्धा नसेल. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, आणि त्याला ओलांडायचं नाही. आमच्यात सुधाकर नावाचा किराणा दुकानदार होता, वजन त्याच्याच काट्यावर न मावणारं. दर रविवारी तो आमचा सेनापती. दर पन्नास पावलांवर सेनापती दगडावर बसायचे आणि मागे चाळीस माणसांची फौज ठप्प. कुणी कुरकुरलं की फोरमन रांगेच्या शेवटून दम द्यायचे, "धबधबा कुठं पळून चालला का बे? मांगं राह्यलेला माणूस हरवते. पुढचा नाई हरवत." स्वतः ते नेहमी शेवटी. नव्या जागी न्यायचं असेल तर आधी एकटेच जाऊन रस्ता तपासून येत, पाण्यात कुणाला उतरू देत नसत. तीस वर्षांत आमच्यातल्या कुणाचं नख मोडलं नाही.

आणि डबा! ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत, झुणका, ठेचा, लिंबाचं लोणचं. चाळीस माणसांना पुरून उरेल एवढं सगळं फोरमनच्या घरून यायचं. आम्ही बोटं चाटत म्हणायचो, "काकूंच्या हाताला काय चव आहे!" एवढ्या भाकऱ्या थापायला काकू किती वाजता उठत असतील, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नाही. काकू का येत नाहीत, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. फोरमन म्हणाले, "तिले गाडी लागते." विषय संपला. ठेचा मात्र आम्ही आणखी मागून घेतला.

मग खोकला सुरू झाला. आधी हंगामापुरता, नंतर बारमाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि चढणं बंद म्हणून सांगितलं. फोरमननी तोंडात मारायचा पंप खिशात टाकला आणि जाहीर केलं, की एक शेवटची सहल होईल. चिखलदऱ्याकडच्या एका धबधब्याची, ज्याला ते नुसतं 'आपला' म्हणत. रस्त्यापासून अर्ध्या तासाची वाट होती. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना नको म्हणायची हिंमत कुणात नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही जायचं होतं.

त्या रविवारी सकाळी बसपाशी काकू उभ्या. नवं लुगडं, हातात पिशवी.

"पंप माया पिशवीत हाये," त्या म्हणाल्या. "तो जाईन तिकडे मी जाईन. तुमाले बिगर पंपाचं जाचं असन तं जा."

"अवं, तुले गाडी लागते ना!"

"लागू द्या."

तळेगावला चहाला थांबलो, तोवर काकू ताज्यातवान्या. परतवाडा सोडून घाट लागला. सुधाकर खिडकीतून ओकला, मास्तर ओकले, मीही ओकलो. काकू चालकामागच्या सीटवर बसून आवळासुपारी चघळत दरी पाहत होत्या. तोंड पुसत मी म्हणालो, "काकू, तुम्हाला तर गाडी लागतच नाही!"

"कधी बसली असती तं लागली असती," त्या म्हणाल्या. "मले कोनी इचारलंच नाई, भाऊ."

फोरमन शेजारीच होते. ते खिडकीकडे तोंड करून खोकत राहिले. तो खोकला खरा नव्हता, एवढं मला आता कळायला लागलं होतं. त्यांच्या घरच्या सगळ्या भाकऱ्यांचा हिशेब तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आला.

खाली उतरलो. रांग लागली. फोरमन सवयीनं शेवटी जाऊन उभे राहिले, दहा पावलं चालले, आणि थांबले. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग ते रांगेच्या कडेकडेनं पुढे आले, सुधाकरच्याही पुढे. काकू त्यांच्या बाजूला. अर्ध्या तासाच्या वाटेला आम्ही दोन तास लावले. दर वळणावर काकू पिशवीतून पंप काढायच्या, ते तोंडात मारायचे, पंप पुन्हा पिशवीत. आम्ही चाळीस जण त्या दोन पाठींकडे पाहत मागे उभे.

वर पोचलो तर धुकं. समोर पांढरी भिंत, नुसता आवाज. फोरमनचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायच्या आधी असतो तसा झाला. "हटते, हटते," ते म्हणत राहिले, "थांब जराशीक." आणि खरंच धुकं हललं, आणि समोर तो उभाच्या उभा कोसळताना दिसला.

तिथे काय झालं ते सांगण्याआधी उरलेलं सांगून टाकतो, म्हणजे मध्ये रडारड नको. दिवाळीनंतर जिनिंगचे भोंगे सुरू झाले, आणि फोरमन घरीच, काकूंच्या हातचं पाणी पिऊन गेले. त्यांना तो धबधबा काकूंना दाखवायचा होता, की काकूंची माफी मागायची होती, ते मला माहीत नाही. दोन्हींसाठी त्यांच्याकडे तेवढी एकच जागा होती, असं मला वाटतं.

तर, धबधबा समोर. आम्ही सगळे पाण्याकडे पाहत होतो. फोरमन पाहत होते काकूंकडे. काकू पदर कपाळापर्यंत धरून धार वरून खालपर्यंत न्याहाळत होत्या. चेहऱ्यावर तुषार होते, की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. शेवटी फोरमनना राहवेना. "काऊन व," ते हळूच म्हणाले, "काई बोल ना."

आणि काकू, चाळीस माणसं मागे उभी आहेत हे साफ विसरून, मोठ्यानं बोलून गेल्या,

"अवं माय, हे तं खरंच पानी हाये! अन् मी तीस वर्सं समजून राह्यली होती, कोनी बाई हाये म्हून!"