दौतीतलं काळं पाणी

सन दोन हजार तेवीस, माझं वय एकोणऐंशी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी देवांबरोबर घराण्यातल्या एका पूर्वजाची पितळी दौतही चिंचेनं घासायला घेतली. थोरल्या आक्कानं हटकलं, “बाहेरनं पूस फक्त. आत पाणी घालू नकोस, आईनंही कधी घातलं नाही.”

“काळं तोंड घेऊन देवापुढं बसवायची होय तिला?”

“तिसरीतनं पळालेला तू, दौतीचं मला सांगतोस?” आक्का म्हणाली.

झालं, मला झोंबलं. मी दौतीत पाणी ओतून बोट फिरवलं. तळाची शाई शेकडो वर्षं वाळलेली, दगडच झाली असेल असं वाटलं होतं. पण ती विरघळली, कालच घोटल्यासारखी. काळंभोर पाणी मोरीत गेलं, थोडं माझ्या धोतरावर सांडलं.

तो पूर्वज पोथ्या उतरवायचा की कुणाची गुप्त पत्रं लिहायचा, घरात कुणालाच ठाऊक नाही. त्याचं एक अक्षर उरलेलं नाही. एवढी शाई तेवढी उरली होती. त्याला आणखी काही लिहायचं असणार. न लिहिलेलं इतकी वर्षं थांबून राहतं, हे मला कुठलं ठाऊक? लखलखीत दौत मी पाटावर ठेवली. आक्का बघून आत गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘चुकलो’ म्हणायला माझी जीभ आजवर वळलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं धोतर धुवायला मागितलं. मी दिलं नाही. डाग वर येईल अशी घडी घातली आणि आक्काच्या मांडीवर नेऊन ठेवली.