डिझाईन सरजींचं

लोधीपुऱ्यातला आमचा खरादी, लेथवर पितळ घडवणारा कारागीर, कोणतंही काम ऐकलं की आधी "हो जाएगा, सरजी" म्हणतो आणि मग विचार करतो. संधिवाताने बायकोची बोटं वळेनाशी झाली, तेव्हा मी, चित्रकलेचा निवृत्त मास्तर, स्वयंपाकघरातल्या नळासाठी कमळाच्या आकाराची पितळी मूठ कागदावर काढून दिली. त्याने ती घडवून बसवली, बायकोच्या बोटांचा अंदाज यावा म्हणून हातांत जाड मोजे चढवले आणि फिरवून पाहिली. मूठ हलेना.

"दिसते भारी, सरजी," एवढंच तो बोलला.

चार दिवसांनी त्याने तिच्या जागी स्वतःच्या मनाने केळ्यासारखा वाकलेला दांडा बसवला. बायकोने तो मनगटाने ढकलला आणि पाणी आलं.

"किती देखणा आहे!"

"डिझाईन सरजींचं आहे, भाभी."

मी मान डोलावली. आता पाहुण्यांनाही मी तेच सांगतो. तेव्हा बायको नळ जरा जोरातच सोडते.