पथ्य न सांगणारा डॉक्टर

आभाचा डबा आजही भरलेलाच परत आला. गिरिजानं झाकण काढलं, तर नाचणीची भाकरी कडेनं वाळून पत्र्यासारखी झालेली, आणि दुधीच्या फोडी एकमेकींना चिकटून बसलेल्या. तिनं डबा बेसिनमध्ये आदळला.

"खाल्लं का न्हाईस गं?"

"नॉट हंग्री, मम्मा," म्हणत नऊ वर्षांची आभा सोफ्यावर आडवी झाली.

गिरिजा तासगावाकडची, म्हशीवाल्या घरातली. पोर भूक नाही म्हणालं, तर तिच्या माहेरात आधी पोराच्या पोटाला हात लावून बघत आणि मग त्याच्या हातात दुधाचा पेला देत. इथं आखातात, रुवैसला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये, पोरीनं काय खायचं हे सांगणारी माणसं उदंड झाली होती, आणि दुधाचा पेला तर घरातनं कधीच हद्दपार झालेला.

सुरुवात गेल्या हिवाळ्यात झाली. आभाचा डावा गुडघा सुजला. सकाळी उठली की पाय सरळ होईना, भिंत धरून बाथरूमला जायची. खेळताना लागलं असेल म्हणून आधी मलम चोळलं. मग दुसराही गुडघा फुगला, तेव्हा तिच्या बापानं, धनंजयनं, शिफ्ट बदलून घेतली आणि गाडी अबुधाबीच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तपासण्या झाल्या. लहान मुलांचा संधिवात, डॉक्टर म्हणाले. दर आठवड्याला इंजेक्शन, धीर धरा, बरी होईल.

धनंजयनं इंग्रजीतलं सगळं मराठीत सांगितलं. गिरिजानं ऐकून घेतलं आणि आपला एकच प्रश्न विचारला.

"पथ्य काय, ते इचारा."

धनंजयनं विचारलं. डॉक्टर हसले. काही नाही, म्हणाले, सगळं खाऊ दे.

गिरिजाचं मन तिथंच उतरलं. तिच्या गावात सरकारी दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा गोळ्या पुडीत बांधताना सांगायचा, वांगं खाऊ नका, आंबट खाऊ नका. पथ्याबिगर औषध म्हणजे तिच्या लेखी दावं नसलेली म्हैस, कुठं भरकटंल सांगता येत नाही.

"ह्यो कसला डॉक्टर?" गाडीत ती म्हणाली. "पोरीकडं नीट बघितलं तरी का त्यानं?"

"एवढ्या मशिनीत घालून बघितली की. आता काय पोटात शिरून बघू दे?"

"पथ्य न्हाई, म्हंजे ध्यान न्हाई."

डॉक्टरनं पथ्य दिलं नाही, म्हणून गिरिजानं ते बाहेरून गोळा केलं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर दही, ताक, लिंबू, चिंच बंद केली, आंबटानं सांधे धरतात म्हणून. पुढच्या कॉलला बटाटा आणि हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून गेली, भात थंड म्हणून गेला, अंडं उष्ण म्हणून गेलं. खालच्या मजल्यावरची मंजुषा पुण्याची, शिकलेली, तिनं फोनवर व्हिडिओ दाखवत गहू बंद केला आणि दूध बंद केलं.

"गिरिजा, अगं डेअरी म्हणजे इन्फ्लमेशन," मंजुषा म्हणायची. "माझ्या बहिणीचा थायरॉइड याच्यानंच कंट्रोलमध्ये आला."

"पर थायरॉइड गळ्यात असतोय नव्हं, मंजुषाताई?"

"सगळं कनेक्टेड असतं."

हे असलं उत्तर आलं की गिरिजा घरी येऊन आणखी एक डबा माळ्यावर टाकायची. ज्याला भेटावं तो एक पदार्थ कमी करून जायचा. अमुक एक खायला घाल म्हणून सांगणारा एकही भेटला नाही. शेवटी उरलं काय, तर नाचणी, दुधी, दोडका, मुगाचं पाणी आणि सफरचंद. धनंजय बिचारा समोर बसून भरलं वांगं खायचा, तर तेही चोरून खाल्ल्यागत, ताट भिंतीकडं करून.

उन्हाळा लागेपर्यंत सूज उतरली. आभा जिना चढायला लागली. सासूबाई म्हणाल्या, आंबट सोडल्याचा गुण. मंजुषा म्हणाली, बघ, सांगत होते ना, डेअरी. इंजेक्शनाचं नाव कुणी काढलं नाही. दर शुक्रवारी पोरगी रडून रडून ते टोचून घेत होती, ते जणू शोभेला. नवीन इयत्ता सुरू झाली, तर मागल्या वर्षाचाच युनिफॉर्म आभाला चपखल बसला. गिरिजानं तो धुऊन इस्त्री केला, आणि दुकानाची एक खेप वाचली म्हणून तिला बरंच वाटलं.

डबा आदळला त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, मान डोलावली. मग आभाला काट्यावर उभं केलं, उंची मोजली, आणि त्यांचा चेहरा बदलला. वजन घटलं होतं. उंची जागेवरच होती. त्यांनी तिघांना आहारवाल्या बाईंकडं पाठवलं.

अजरा हैदराबादची, गिरिजापेक्षा वयानं लहान. आभा काय काय खाते ते तिनं विचारलं. गिरिजानं अभिमानानं सांगितलं, आणि काय काय बंद केलंय तेही सांगितलं. अजराचं पेन मध्येच थांबलं.

"अम्मा, ये सब डॉक्टर साब बोले?"

"डॉक्टर कुछ नहीं बोल्या. वही तो बात है. हमने किया, इसलिए सूज उतरी."

"सूज दवा से उतरी."

"और दूध बंद किया उससे?"

"दूध, गेहूं, अंडा, आलू, चावल, सब एक साथ बंद किए ना? तो कौन सी चीज़ से फ़ायदा हुआ, आपकू कैसे मालूम?"

गिरिजाला राग आला. हिच्यापुढं म्हशी राखलेली बाई बसलीय, हिला काय कळतंय. तिनं धनंजयकडं पाहिलं. तो पंख्याकडं बघत होता.

अजरा सावकाश सांगू लागली. अमका पदार्थ सोडला की हा आजार जातो, असं कुठं सिद्ध झालेलं नाही. उलट ह्या आजारात हाडं आधीच कमजोर पडतात, तिला दुधातलं कॅल्शियम हवं, अंड्या-डाळीतलं प्रोटीन हवं. रक्तात लोह कमी आलंय, ऊन न मिळाल्यानं डी व्हिटॅमिन तर तळाला गेलंय. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बच्ची का युनिफॉर्म कब बदले?"

"नहीं बदला. वही आता है," गिरिजा म्हणाली.

तिला बापाचा गोठा दिसला. शेजारचा एक गडी दुधासाठी हावरा, म्हशीची कास पार शेवटच्या धारेपर्यंत पिळायचा. त्याचं रेडकू वर्षाचं झालं तरी तेवढंच, बरगड्या वर, पोट खाली. बाप त्याच्या पाठीवरनं हात फिरवून म्हणायचा, दुधावाचून तोडलं रं ह्येला. आणि तिनं स्वतः पोरीचा युनिफॉर्म इस्त्री करताना तो तसाच बसतोय म्हणून देवाचे आभार मानले होते.

"तुमी का न्हाई बोलला?" ती धनंजयवर उखडली.

"बोललो तर ऐकलं असतंस? डॉक्टरचं ऐकलं न्हाईस."

तेही खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. ती अजराकडं वळली.

"ठीक है. पण पथ्य बोलो. बिना पथ्य के मैं घर में क्या बोलूं? सास पूछेगी, नीचेवाली पूछेगी. सब खाओ बोलूंगी तो मेरे पे हंसेंगे."

अजरानं पेन टेबलावर ठेवलं. मग कडक आवाजात म्हणाली, "पथ्य सुनो. दूध रोज सुबह-शाम, एक टाइम भी छूटना नहीं. अंडा रोज. दाल-रोटी-दही, दोनों वक़्त. और मेरे से पूछे बगैर एक भी चीज़ बंद हुई, तो पथ्य टूटा."

गिरिजानं मान डोलावली. असं कुणी आधी सांगितलं असतं तर.

घरी पोचताच सासूबाईंचा कॉल आला. गिरिजा म्हणाली, "आत्ती, दवाखान्यानं लई कडक पथ्य दिलंय. दूध चुकवायचं न्हाई, दह्याबिगर जेवायचं न्हाई."

"आत्ता कुटं बरा डॉक्टर गावला," सासूबाई म्हणाल्या. "सांबाळ हां, मोडू नगंस."

गिरिजाला हसावं की फोन आपटावा कळेना. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीचं वर्ष गेलं.

तिनं दूध तापवलं, साखर घातली, पेला आभापुढं धरला. आभानं पाय पोटाशी घेतले.

"नो मम्मा. मिल्क इज बॅड फॉर मी. माय नी विल स्वेल अगेन."

"कोण म्हणलं?"

"यू."

गिरिजानं शिव्या द्याव्यात अशी माणसं पुष्कळ होती, पण पोरगी बोट तिच्याकडंच करत होती. ती खाली फरशीवर बसली.

"मी म्हणले व्हते. चुकले मी. पी."

"यू ड्रिंक फर्स्ट."

गिरिजानं घोट घेतला आणि पेला पुढं केला. आभानं नाक धरून दोन घोट घेतले, पेला टेबलावर ठेवला, आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसली, सूज येते का बघत.

"काय न्हाई हुईत," गिरिजा म्हणाली.

"वेट, मम्मा."

पेल्यावर साय धरायला लागली. गिरिजा आभाच्या गुडघ्यांकडं बघत बसली, आणि आपणही वाट बघतोय हे ध्यानात येताच तिला स्वतःचाच संताप आला.