भिंतीवरचा मार्च

सध्या काय वाचताय, असं कुणी विचारलं की मी उशाशी असलेल्या एका जाडजूड पुस्तकाचं नाव ठोकून देतो. ते पुस्तक दीड वर्षापासून उशाशी आहे आणि खूण एकोणिसाव्या पानावर आहे. खरं सांगायचं तर सध्या मी फक्त कॅलेंडरची मागची बाजू वाचतो. निवृत्त माणसाला तेवढं पुरतं.

हे कॅलेंडर आमच्या पतसंस्थेनं सभासदांना फुकट वाटलेलं. पानाच्या पुढं तारखा आणि तिथी, मागं लिंबाच्या लोणच्याची कृती, मुतखड्यावरचे उपाय आणि एका रहस्यकथेचा एक भाग. बारा महिने, बारा भाग. जानेवारीतच एका हेडमास्तरांचा मुडदा उसाच्या फडात सापडला होता आणि खुनी कोण ते डिसेंबरशिवाय कळणार नव्हतं.

तेच कॅलेंडर माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरातही होतं. ती, म्हणजे आमची आक्का, शिरोळजवळच्या एका खेड्यात एकटी राहते. मुलगा पुण्याला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं तिला तारखांचे मोठे आकडे दिसायचे, पण मागचा मजकूर म्हणजे नुसत्या मुंग्या. म्हणून आमचं ठरलं होतं की दर महिन्याच्या एक तारखेला मी फोनवरून तिला त्या महिन्याचा भाग वाचून दाखवायचा, आणि तोवर कुणी पुढचं वाचायचं नाही. अट तिची होती. मी कबूल झालो होतो.

फेब्रुवारीच्या भागात कंपाउंडरच्या सायकलच्या कॅरिअरला हेडमास्तरांचं उपरणं सापडलं आणि खाली लिहिलं होतं, क्रमशः. मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी बायको भजनी मंडळाला गेल्यावर कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, मार्चचा भाग वाचून काढला आणि घाईघाईनं परत अडकवलं. त्या घाईत वर मार्चच राहिला.

आता कुणी म्हणेल, आख्खा महिना चुकीचा टांगलेला घरात कळला कसा नाही? फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असला की मार्चच्या तारखा हुबेहूब त्याच वारांना येतात. आमच्या घरात महिन्याचं नाव कोण वाचतं? तारीख बघायची, वार बघायचा, दूधवाल्याचा खाडा मांडायचा, झालं. दहा दिवस मी मार्चमध्ये सुखानं राहिलो.

बायको भिंतीकडं बघतच नाही. तिचं सगळं फोनमध्ये. गॅस, टाकी धुणे, नणंदेच्या सुनेचा वाढदिवस, सगळ्यांसाठी तो टुणकन वाजतो. मला त्या टुणकन आवाजाचा मनस्वी राग आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. कुठल्या गावाला पाटाचं पाणी कुठल्या तारखेला सुटणार, याचा तक्ता माझ्या हातचा असायचा आणि त्यावर गावंच्या गावं विसंबून असायची. मला तारीख फोननं शिकवायची म्हणजे काय!

त्यातच संकष्टी आली. भिंतीवर शुक्रवारी होती. गुरुवारी बायकोनं फोन बघून उपास धरला तेव्हा मी तिला हसलो. शुक्रवारी मी साबुदाणा चिवडत बसलो आणि ती समोर अंडाकरी ओरपत म्हणाली, "अहो, काल झाली की संकष्टी. आख्ख्या गल्लीनं केली."

"गल्लीजवळ फोन हायत. माझ्याजवळ पंचांग हाय," मी म्हणालो.

याच दिवसांत आक्काचा फोन आला. जयसिंगपूरच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, अठरा तारखेला, बुधवारी, सकाळी नऊला. नात्यातलं माणूस सहीला लागणार होतं. "तू येशील न्हवं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं? आणि तिच्यादेखत, म्हणजे फोन कानाला लावूनच, अठराच्या चौकटीत लाल पेननं लिहिलं: आक्का, डोळा, ९. बायकोनं तिकडं फोनमध्ये टाकलं. मी मनात म्हटलं, टाक बापडी.

चार दिवसांनी मी पुन्हा कॅलेंडर उतरवलं. या वेळी एप्रिलसाठी. परत लावताना वर 'मार्च' हा शब्द दिसला आणि माझं धाबं दणाणलं. मी गुपचूप फेब्रुवारी पुढं घेतला आणि कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर चोरून वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं.

सतरा तारखेला संध्याकाळी बायकोचा फोन टुणकन वाजला. "उद्या आक्कांचं ऑपरेशन. सकाळची गाडी धरा."

मी तिला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. फेब्रुवारीची अठरा कोरी. पान उचललं. मार्चच्या अठरावर माझं ठसठशीत लाल अक्षर.

"अहो, बुधवार म्हणाल्या होत्या त्या."

"मग हा काय मंगळवार हाय? बघ की."

"एक फोन करून विचारा तरी."

मला तेव्हाच शंका आली होती, हे मी आज कबूल करतो. मार्च दहा दिवस वर होता, हे घरात एकट्या मलाच माहीत होतं. पण ते आठवायचं म्हणजे पुढचं सगळं ओकावं लागणार. मी म्हणालो, "लिहिलेलं असताना विचारायचं कशाला?"

"तुमची बहीण, तुमची भिंत," असं म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी लुंगीवर चहा पीत होतो. आक्काचा फोन. "कुठवर आलास रं? नर्सबाई सही मागाय लागल्यात."

माणूस अशा वेळी खरं बोलतो असं पुस्तकांत असतं. मी म्हणालो, "हातकणंगल्यात हाय. पोचतोच."

आणि मागं कुकरची शिट्टी झाली.

आक्का म्हणाली, "हातकणंगल्यात भात लावलायस व्हय?"

कपडे कसे चढवले, गाडी कशी मिळाली, मला आठवत नाही. पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. डॉक्टर त्या दिवशीची ऑपरेशनं उरकून गेले होते. आक्का बाकड्यावर एकटीच होती. डोळ्यात थेंब घातलेले, त्यामुळं मी समोर उभा राहिलो तरी तिला आधी कळलं नाही.

"मी हितं समद्यास्नी सांगिटलं," ती म्हणाली, "माझा भाऊ येतोय, तारखेचा लई पक्का हाय. पाटाचं पाणी त्येच्या तारखेवर सुटायचं."

तिथं मला रडू यायचं तेवढं आलं. बाकड्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. कॅलेंडर, खिळा, मार्च, लाल पेन, सगळं.

"म्हंजे मार्चचं वाचलंस?"

"व्हय."

"एप्रिलचं बी?"

"व्हय."

"खून कुणी केला, कळलं?"

"अजून न्हाय."

"मग काय उपेग झाला?" असं म्हणून तिनं पदरानं डोळा पुसला. ते पाणी औषधाचं होतं की आणखी कशाचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या बुधवारची तारीख मिळाली. मी येतो म्हणालो.

त्या बुधवारी मी सकाळी सातलाच दवाखान्याच्या दारात होतो. झाडूवाल्या बाईंनी मला दोनदा पायऱ्यांवरून उठवलं. साडेआठला आक्का रिक्षातून उतरली, शेजारणीला घेऊन. आत नर्सबाईंनी विचारलं, सोबत कोण? आक्कानं शेजारणीकडं बोट केलं.

"आणि हे?"

"ह्यो माझा भाऊ," आक्का म्हणाली. "पुढल्या म्हैन्यासाठी आलाय."

नर्सबाई हसल्या. शेजारीणही हसली. सही नात्यातल्याच माणसाची हवी होती म्हणून कागद माझ्याकडं आला. मी सही केली आणि खाली तारीख घालण्याआधी नर्सबाईंना तारीख विचारून घेतली, महिन्यासकट.

मग आक्कानं हातातल्या बांगड्या काढून शेजारणीकडं दिल्या. कानातली फुलं दिली, बटवा दिला, फोन दिला. मी हात पुढं करून उभाच होतो. तिनं पायांतल्या चपला काढल्या, जरा थांबली, आणि वाकून त्या उचलून माझ्या हातात ठेवल्या.

त्या घेऊन मी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत तिथंच उभा राहिलो. नर्सबाई दोनदा म्हणाल्या, आजोबा, बसा. मी काही बसलो नाही.