आबांचा कान

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, पाहुणे चहा घेऊन गेले, आणि वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "कान कोण पिळणार?"

लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, ही त्यातली तंबी. आम्हा दोघींना भाऊ नाही. माझ्या लग्नात हे काम चुलतभावाने केलं होतं. तेव्हा जमलेल्यांतली एक बाई म्हणाली होती, "पोरींना कितीबी शिकवा, भाऊ लागतोच गो." वडील होमाजवळच उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. भात आणि वालाच्या शेतीवर त्यांनी आम्हा दोघींना पदवीपर्यंत शिकवलं. रोह्याच्या कॉलेजला जायला ते मला सायकलवरून खांब गावच्या थांब्यावर सोडत, आणि एसटी हलल्याशिवाय मागे फिरत नसत. माझ्या लग्नातलं त्यांचं गप्प राहणं मी विसरू शकले नव्हते. म्हणून मी पटकन म्हणाले, "माझी लेक पिळेल."

"ती?" आई म्हणाली. "घरात पाहुणा आला तर पलंगाखाली जाते ती."

लेक तेव्हा पहिलीत होती.

"दोन महिने हायत," वडील म्हणाले. "शिकंल."

मग दर रविवारी आम्ही पेणहून गावी जाऊ लागलो. वडील पडवीत स्टुलावर बसत, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत आणि कान पुढे करत. लेक दोन बोटांनी कानाला हात लावी आणि लगेच सोडून देई.

"आबा, दुखलं?"

"नाय. आणि दुखायला पायजे. तवाच त्याच्या ध्यानात राहील."

आतून बहीण ओरडे, "आबा, त्याला बहिरा करून माझ्या गळ्यात बांधू नका हां!"

"बहिराच बरा. तुझी बडबड तरी ऐकायला नको त्याला."

मी एक वाक्यही लिहून दिलं होतं : माझ्या मावशीला त्रास दिलात तर याद राखा. शाळेतल्या कवितेसारखं मी ते तिच्याकडून पाठ करून घेतलं. एका रविवारी परतताना एसटी नागोठण्याच्या स्टँडवर थांबली होती. लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नवे काका तर चांगले आहेत. मग त्यांचा कान का पिळायचा?"

"तशी पद्धत आहे," मी म्हणाले. लहानपणी हेच उत्तर मिळालं की मला राग यायचा.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी नाही पिळला तर आबांना वाईट वाटेल ना?"

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने ते आमच्या बोलण्यातून उचललं होतं. माझी जुनी सल मी हिच्या एवढ्याशा हातात दिली, हे मला त्या स्टँडवर कळलं. तरीही 'नाही पिळलास तरी चालेल' असं मी तिला म्हणाले नाही.

लग्न रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या हॉलमध्ये होतं. भटजींनी नवरीच्या भावाला पुढे बोलावलं. लेक परकराचा घोळ सावरत एकटी चालत गेली. कुठे लपली नाही, मागे वळून पाहिलं नाही. तिने हात वर केला, आणि तो तसाच राहिला.

नवऱ्याच्या डोक्यावर फेटा होता. चांगला घट्ट, दोन्ही कान झाकून बांधलेला. दोन महिने आम्ही टोपी काढलेल्या डोक्यावर सराव केला होता. घरात दोघी पदवीधर, पण फेट्याचा विचार एकीलाही सुचला नाही.

"आई," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "कानच नाहीये."

हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, भावाला बोलवा कुणीतरी!"

पहिल्या रांगेतून चुलतभाऊ उठला. तो लेकीशेजारी उकिडवा बसला आणि त्याने एका बोटाने फेट्याची कड वर केली.

"हा बघ, हितं लपलाय. धर बाय. सोडू नको."

तिने धरला आणि असा पिळला की नवरा खरोखरच "आई गं!" करून ओरडला. पाठ केलेलं वाक्य ती साफ विसरली.

"दुखलं?" तिने विचारलं.

"व्हय," तो म्हणाला.

"दुखायला पायजे," ती म्हणाली.

सगळे हसत असताना मी वडिलांना शोधलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा हात स्वतःच्या कानावर होता.

पंगतीत मी चुलतभावाला म्हटलं, "दादा, आज तू होतास म्हणून."

"माझं काय," तो जिलबी मोडत म्हणाला. "तुझ्या लग्नात मीच घाबरलेलो. हात पुढं जात नव्हता. काकांनीच मनगट धरून कानाला लावला."

मी तिथे शेजारीच उभी होते. वडील गप्प होते, एवढंच मला दिसलं होतं. त्यांच्या हाताकडे मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी गावी गेलो, तर वडील पडवीत स्टुलावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून.

"आबा, लग्न झालं ना!" लेक म्हणाली.

"झालं व्हय?" ते म्हणाले, आणि कान पुढे केला.