पहिला मासा आपला नाही

जर्मनीत एर्लांगेनच्या आमच्या दोन खोल्यांत तो रविवारी दुपारी जेवायला यायचा. नेपाळच्या तराईतला, थारू जमातीचा, माझ्याच विद्यापीठात शिकणारा. बायको त्याला भावजी म्हणायची. जेवण आटोपलं की तो खाली बसकण मारायचा आणि माझी सहा वर्षांची मुलगी त्याच्यासमोर येऊन बसायची.

गोष्टी त्याच्या आजीच्या. सांगायचा मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. वाक्य संपलं की थांबायचा. ऐकणाऱ्यानं "हं" म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत. मुलगी जर्मनमधलं 'हो' म्हणायची, "या."

"या नाही, हं! या म्हटलंस तर गोष्टीतला मासा जर्मनीतच राहील."

ती खिदळायची, मग म्हणायची, "हं."

मी मराठीत हाक मारली की हीच मुलगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. मी गोष्ट सांगायला बसलो की तात्पर्य विचारायचो, आणि ती पेन्सिल शोधायला उठायची.

एकदा त्यानं मासे धरणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. पहिला मासा ती नदीला परत द्यायची. एक दिवस लोभानं तो ठेवून घेतला, तर घरी येईस्तोवर टोपलीत नुसते गोटे. दुसऱ्या सकाळी मुलीनं पावाचा पहिला तुकडा मोडून खिडकीत चिमण्यांना ठेवला.

"अहो, बघा तरी," बायको कौतुकानं म्हणाली. "भावजींची शिकवण!"

माझे वडील रोज पहिल्या घासाआधी ताटाबाहेर भाताच्या चित्राहुती घालायचे. जर्मनीत आल्यावर मी ते सोडून दिलं होतं, मुलीला कधी सांगितलंही नव्हतं. तरी मला ते झोंबलं. ते तिला माझ्याकडून मिळायला हवं होतं. माझ्या घरात हा कुठला कोण, आपली आजी घेऊन शिरला?

पुढच्या रविवारी त्याला जिन्यातच गाठलं. म्हटलं, "शाळेतल्या बाई म्हणतात, पोरीच्या जर्मनवर परिणाम होतोय. तुझं जर्मन असं... थोडे दिवस गोष्टी नकोत."

बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. तो कानापर्यंत लाल झाला. "खरंय दादा, माझं जर्मन वाईटच आहे," म्हणाला आणि त्या दिवशी न जेवताच परत गेला. नंतर आलाच नाही. बायकोला मी सांगितलं, परीक्षा आहे त्याची.

मग रविवार माझे झाले. मी खाली बसलो, तीच मासेवाली सुरू केली, मराठीत. वाक्य संपवून थांबलो. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"हं म्हण ना गं."

"वारुम तो येत नाही?" तिनं विचारलं. 'का'साठीचं ते जर्मन 'वारुम' सोडलं तर सगळं मराठी. किती दिवसांनी तिच्या तोंडून मराठी ऐकत होतो.

"त्याची परीक्षा आहे," मी म्हणालो, आणि तिच्यासमोर बसून वाट बघत राहिलो.

तिनं हं म्हटलं नाही.