जांभळ्या दिव्याखाली चमकलेली नखं

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून जळगावला आलो आणि डाळमिलमध्ये लागलो. पिंप्राळ्यात खोली होती. सोबतीला मिलमधलाच एक सोनगीरचा हमाल राहायचा, वयानं मोठा. त्याला मी भाऊ म्हणायचो.

त्या वर्षी बहिणीची सोयरीक ठरत आली होती. पाहुण्यांना मुलीचा भाऊ बघायचा आहे, तू ये, असं घरून पत्र आलं आणि त्याच आठवड्यात माझ्या मानेवर पांढरे डाग उठले. घराण्यात कोड आहे असं कळलं असतं, तर पाहुणे परत फिरले असते. मी पत्राला उत्तरच दिलं नाही.

भाऊनं मला ओढत कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी जाण्याआधी मान खसखसून घासली होती. डॉक्टरांनी खिडकीशी उभं करून भिंगातून पाहिलं. "भिंगात कोडही वाटतं, शिबंही वाटतं, म्हणजे साधी बुरशी," म्हणाले. "पूर्वी इथंच अंदाज बांधायचो. आता दिवा आलाय." खिडक्या बंद करून त्यांनी जांभळा दिवा लावला.

माझी मान निळीपांढरी चमकली.

"कोड असंच चमकतं," डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले, तशी त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली.

"नखंही चमकतायत तुझी. नखांना कुठं कोड होतं? काय लावतोस?"

"काही नाही, साहेब."

भाऊ दारातून म्हणाला, "डाळनी धूळ साबणनी निंघत नही, साहेब. मिलना आम्ही बठ्ठा जन कपडा धुवानी पावडर आंगले लावतस."

डॉक्टर हसले. "ती पावडरच चमकतेय. चार दिवस मान धुवू नकोस, पावडर झडेल आणि डागाचा खरा रंग दिसेल. मग ये."

ते चार दिवस मानेला पाणी लागू नये म्हणून मी आंघोळच केली नाही. सगळं अंग खाजत होतं. रात्री भाऊ म्हणे, "तुना वास यी राह्यना, पन झोप आते."

पाचव्या दिवशी पुन्हा खोलीत अंधार केला. दिवा लागला, पण मी डोळे मिटूनच घेतले. डॉक्टर म्हणाले, "पिवळसर दिसतंय. शिबं आहे. महिन्याभरात जाईल."

भाऊनं आत डोकावून स्वतः पाहिलं, मगच मी डोळे उघडले. मानेला औषध लावलं. कुणी विचारलंच तर आता शिबं म्हणून सांगता येणार होतं; येतो म्हणून घरी पत्र टाकलं. गाडीवर पोचवताना भाऊ एवढंच म्हणाला, "आते तरी मान धुयी टाक."